रेवतीची खिरापत

"आज दुपारी तू स्वयंपाकघरात यायचं नाहीस," रेवती म्हणाली.

मी पोळ्या लाटत होते. एका हातात लाटणं, तव्यावर पोळी फुगलेली, मनगटापर्यंत पीठ, आणि समोर ही दहा वर्षांची पोरगी मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढायला आलेली. वेण्याही तिच्या तिनंच घातल्या होत्या. एक कानामागून निघाली होती, दुसरी पार डोक्याच्या मध्यातून. पण त्याबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण महिनाभरापासून 'माझं मी करते' हा घरातला कायदा झाला होता.

"बरं. मग मी जायचं कुठं?"

"व्हरांड्यात बस. नाहीतर झोप. रविवारीसुद्धा पाठ टेकायला मिळत नाही असं तूच म्हणतेस ना?"

"आणि संध्याकाळची खिरापत कोण करणार?"

"मी."

"मी पण," तिच्या पाठीमागून मिलू म्हणाला. मिलू सात वर्षांचा होता. ताईच्या प्रत्येक वाक्याला शेपूट लावणं हे त्या काळात त्याचं मुख्य काम होतं.

आम्ही तेव्हा कऱ्हाडला पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत राहत होतो. हस्त नक्षत्र लागलं की वसाहतीत मुलींचा हादगा सुरू व्हायचा. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात तोच हा. रोज एका घरी जमायचं, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची. पण मुलींचं सगळं लक्ष असायचं शेवटच्या खिरापतीकडे. ती डब्यात झाकून आणायची, आणि आत काय आहे हे बाकीच्यांनी ओळखायचं. जिच्या घरची खिरापत, तिनं डबा हलवून दाखवायचा, गोड का तिखट विचारलं तर खरं सांगायचं. कोणालाच ओळखता आली नाही तर सगळ्यांनी मिळून "हरलो" म्हणायचं आणि मगच झाकण निघायचं. मग त्या मुलीचा रुबाब काय विचारता. दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

आता सांगायला हरकत नाही, ओळखण्यात माझा हात धरणारं वसाहतीत कोणी नव्हतं. मुलींच्या मागे आम्ही आया बसायचो. डबा हलला की मला आतलं दिसायचंच. चिवडा कसा सुळसुळतो, शंकरपाळे कसे खुळखुळतात, करंज्या कशा एकमेकींना धक्के देतात, सगळं पाठ. एकदा तर एकीनं डबा नुसता उचलून आणला, तोवर मी दडपे पोहे म्हणून मोकळी झाले होते. मुली मला घाबरायच्या आणि मला त्याचा आनंद व्हायचा.

पण माझं तोंडही तसंच होतं. आदल्या वर्षी आमच्या घरी मी साटोऱ्या केल्या. मुली बिचाऱ्या अगदी अडल्या. मला ते बघवेना. मी एवढंच म्हटलं, "खव्याचं काही सुचतंय का बघा." त्याबरोबर तारळेकरांची माधवी ओरडली, "साटोरी!" माधवी सातवीत होती आणि वसाहतीतल्या सगळ्या मुलींची पुढारी. ती वर म्हणाली, "रेवतीची खिरापत ओळखायला डबा हलवावा लागत नाही, तिच्या आईला हलवावं लागतं." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. रेवती तेवढी हसली नाही, आणि ते वाक्य तिला वर्षभर शाळेच्या वाटेवर ऐकावं लागलं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून ह्या वर्षी ही सगळी तयारी.

"आणि संध्याकाळी तूही ओळखायचंस," रेवती म्हणाली.

"मी? मी घरातलीच की."

"तू केलेली नाहीस ना खिरापत? मग तू पाहुणी."

पाहुणी. मी पोळी उलटली.

"खरंखरं ओळखायचं. मुद्दाम हरायचं नाही. मी लहान होते तेव्हा भिकार-सावकार खेळताना तू मुद्दाम हरायचीस. मला कळायचं."

"तू लहान होतीस तेव्हा," मी म्हटलं. हे गेल्या उन्हाळ्यापर्यंत चालू होतं.

"तुला ओळखता आली नाही तरच ती खरी खिरापत. माधवीचं काय, तिला साधा चिवडा ओळखू येत नाही. माझ्या गळ्याची शपथ घे." तिनं माझा पिठाचा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला. गळ्यावर पांढरी बोटं उठली. मी शपथ घेतली. मग मीही माझी अट घातली, की गॅसला हात लावायचा नाही, लावायचा असला तर मला हाक मारायची.

"ह्या गॅसला मी हात लावणार नाही," रेवती अगदी गंभीरपणे म्हणाली.

"मी पण," मिलू म्हणाला.

जेवणं झाली. हे कालव्याच्या कामावर दौऱ्याला गेलेले होते, त्यामुळं मागचं आवरायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या पोळ्या डब्यात झाकून ठेवल्या आणि मी माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर पडले. आतून कडी लागली. कडी उंच होती. तिला पोचायला रेवतीला स्टूल घ्यावं लागायचं, ते आता लागलं नाही. हे मी बंद दाराकडे बघत उभी असताना माझ्या लक्षात आलं.

व्हरांड्यात येते तोच शेजारच्या उपळेकर वहिनी गवारीचं ताट घेऊन आल्या. त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून, परसदार एकच. वहिनी माझ्याहून बऱ्याच मोठ्या, माहेर बेळगावचं. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा शिकायला बाहेर. दुपारी त्या सहसा झोपायच्या. त्या दिवशी मात्र झोप येईना म्हणाल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"घे. गवार मोड," त्यांनी अर्धी गवार माझ्याकडे सरकवली. "हाताला काम असलं की कान जरा शांत बसतात."

"माझे कान शांतच आहेत."

"दिसतंय की. मान बघ कशी आतल्या बाजूला वळलीय."

आत कसलंतरी झाकण निघालं. मला ओळखू आलं, ते गुळाच्या डब्याचं होतं. ते घट्ट बसतं आणि निघताना चुकचुकल्यासारखा आवाज करतं. मग खलबत्ता सुरू झाला. ठक, ठक, मध्येच थांबून पुन्हा ठक.

"गूळ कुटतायत," मी म्हटलं.

"कुटू देत."

"एवढा गूळ कशाला?"

"तुला नाही सांगायचं म्हणून तर कडी लावली ना त्यांनी?" वहिनी म्हणाल्या आणि गवारीची शीर ओढून काढली.

थोड्या वेळानं दुसरं झाकण निघालं. हे पोळ्यांच्या डब्याचं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. संध्याकाळच्या पोळ्यांशी यांचं काय काम? मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचं लक्ष फक्त गवारीत होतं. इतकं मन लावून गवार मोडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग एकदम ताट पडलं. पडलं ते पडलं, वर फरशीवर गरगर फिरत राहिलं. मी उठलेच. वहिनींनी माझा पदर धरला.

"बस की."

"अहो, काहीतरी पडलंय."

"ताट पडलंय. ताट काय चावतंय त्यांना?"

"काय पडलं रे?" मी बसल्या जागेवरून ओरडले.

"काही नाही पडलं," आतून मिलू म्हणाला. ताट अजून फिरतच होतं.

"ताई काय करतेय?"

आत ताट उचलून ठेवल्याचा आवाज आला. "ताई कामात आहे. तिला बोलायला वेळ नाही."

खलबत्ता पुन्हा सुरू झाला. वहिनींनी माझा पदर सोडला, पण लांब काही सरकल्या नाहीत.

"कसं हो जमायचं तुम्हाला?" मी विचारलं. "सुधा तुमची एवढीशी असताना?"

"कुठलं जमतंय. सुधा लग्नाची झाली तरी मी तिला भात गॅसवरून उतरवू देत नव्हते. सासरी गेली तेव्हा तिला साधी उकळी आलेली कळायची नाही. पहिलं वर्ष नुसती रडत होती." वहिनी हसल्या, पण हातातली शेंग त्यांनी जरा जोरात मोडली. "तुझी बरीय. आपणहून कडी लावते."

तेवढ्यात कडी निघाली आणि दाराच्या फटीतून मिलू बाहेर आला. त्यानं पाठीमागं दार घट्ट ओढून घेतलं. गालाला गूळ, नाकाला गूळ, सदऱ्याच्या खिशालाही गूळ. तो माठाकडे गेला, पाणी घेतलं, पण पेला हातात धरून तसाच उभा राहिला. तोंड गच्च मिटलेलं.

"पी की पाणी," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.

"तोंडात काय आहे?"

त्यानं बोटानं गूळ गालात सारला आणि म्हणाला, "ताईनं सांगितलंय, तोंडातला गूळ संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. संपला की दुसरा खडा घ्यायचा." एवढं बोलून तो पाणी न पिताच आत गेला आणि पुन्हा कडी लागली. हा नियम काढणारीला माझा नमस्कार. मिलूला गप्प बसवायचा दुसरा उपाय मला सात वर्षांत सापडला नव्हता.

उन्हं कलली तेव्हा रेवती बाहेर आली. तोंड लालबुंद, कपाळावर केस चिकटलेले, एक वेणी सुटलेली. उजवा हात परकराच्या घडीत लपवलेला. पितळी डबा देवापुढे ठेवलाय आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असं तिनं जाहीर केलं. मग दोघं हातपाय धुवायला गेली आणि मी स्वयंपाकघरात शिरले.

सगळं झाडून पुसून लख्ख. एवढी स्वच्छता मी दिवाळीलाही करत नाही. पण आईच्या डोळ्यांना काय लागतं? खलबत्त्याच्या कडेला गुळाचा एक कण होता. तुपाची बरणी फडताळात तोंड फिरवून बसली होती. आणि पोळ्यांचा डबा उघडला तर आत नुसतं फडकं.

माझ्या लक्षात सगळं आलं. गूळ, तूप आणि उरलेल्या पोळ्या. पोरीनं पोळीचे लाडू केले होते.

पोळीचा लाडू वाईट नसतो. पोळी उरली की ती कुस्करायची, गूळ-तूप घालून वळायची आणि घरातल्या घरात पोरांना द्यायची. पण तो घरातच. पाहुण्यांपुढे पोळीचा लाडू कोणी ठेवत नाही, आणि हादग्याला तर नाहीच. गॅसला हात लावायचा नाही म्हटल्यावर ती तरी काय करणार होती? अट मीच घातलेली. वसाहतभर माधवी काय म्हणत हिंडेल ते मला आत्ताच ऐकू यायला लागलं. 'रेवतीकडे शिळ्या पोळीची खिरापत.' आणि ते नाव मुलींना सात जन्मात सुचणार नाही, पण मला सुचलं होतं. आणि मी शपथ घेतली होती.

मी व्हरांड्यात येऊन वहिनींना सगळं हळू आवाजात सांगितलं.

"मग काय, ओळखू नकोस," त्या म्हणाल्या.

"शपथ घातलीय तिनं. गळ्याची."

"मग ओळख."

"अहो, मी नाव घेतलं तर सगळ्या पोरी हसतील तिला."

वहिनींनी गवारीचं ताट उचललं. "मोठीच पंचाईत झाली की तुझी," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून घरी गेल्या. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं.

संध्याकाळी मुली जमल्या. फेर झाला, गाणी झाली. मी मागे भिंतीला टेकून बसले होते आणि एकही गाणं माझ्या कानात शिरत नव्हतं. पटकन उठून शिरा टाकावा आणि डबा बदलावा असंही एकदा मनात येऊन गेलं, पण डबा रेवतीच्या मांडीवर होता आणि तिचे दोन्ही हात त्यावर होते.

"ओळखा," ती म्हणाली.

"गोड का तिखट?"

"गोड."

"ओलं का कोरडं?"

"कोरडं."

तिनं डबा हलवला. आत काहीतरी गोल, मऊसर, एकमेकांवर गडगडलं. माझी उरलीसुरली आशाही तिथंच संपली. ते लाडूच होते.

"लाडू," दोघीतिघी एकदम ओरडल्या.

"पूर्ण नाव सांगा. कसला?"

मग बेसनाचा झाला, रव्याचा झाला, शेंगदाण्याचा, राजगिऱ्याचा, तिळाचा. एकीनं डिंकाचाही काढला. रेवती प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. मग मुली लाडू सोडून पेढ्यांवर गेल्या, पेढ्यांवरून अनरशांवर. शेवटी माधवीनं हात झटकले.

"आता काकूंनाच विचारू. रेवतीकडे तसंही त्याच सांगतात."

सगळ्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या. रेवती उठली, डबा घेऊन माझ्यापुढे आली आणि माझ्या कानाशी धरून हलवला. तिचे कान लाल झाले होते.

"खरंखरं," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, काहीही सांगावं. जिलेबी म्हणावं, श्रीखंड म्हणावं. हसतील त्या मला हसतील. पण तिची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. भिकार-सावकाराच्या वेळी तिला कळायचं म्हणाली होती, म्हणजे आताही कळणारच. चारचौघींत हसं झालेलं ती एकवेळ विसरेल, शपथ मोडलेली विसरायची नाही.

"पोळीचा लाडू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"कसला?" माधवीनं विचारलं.

"पोळीचा," कोणीतरी सांगितलं आणि मुलींमध्ये खुसखुस सुरू झाली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"नाही," रेवती म्हणाली.

मला वाटलं, लाजेपायी खोटं बोलतेय. आता झाकण निघालं की हे खोटंही उघडं पडणार. मी तिचा हात धरला आणि कुजबुजले, "रेवा, असू दे गं. चांगला असतो तो."

"नाही म्हटलं ना. हरलात का सगळ्या?"

"हरलो," मुली म्हणाल्या.

"आई, तूही म्हण."

"हरले," मी म्हटलं.

तिनं झाकण काढलं. आत आप्पे होते. गुळाचे, तांबूस, कडेनं कुरकुरीत, एकसारखे गोल. वेलदोड्याचा वास सगळ्या खोलीभर पसरला.

काही मुलींना त्यांचं नावही माहीत नव्हतं. रेवतीनं ते दोनदा सांगितलं. माधवीनं एक खाल्ला आणि न बोलता दुसरा मागून घेतला. मी हातातला आप्पा नुसती बघत बसले. आमच्या घरात आप्पेपात्रच नव्हतं. त्यामुळं माझ्या डोक्यात आप्पे येण्याचा प्रश्नच नव्हता. मी दुपारभर माझ्याच फडताळातले डबे मनात उघडत बसले होते, आणि पोरगी त्या फडताळाच्या बाहेर जाऊन आली होती.

आप्पेपात्र वसाहतीत एकाच घरी होतं. मी शेजारी बसलेल्या बायकांकडे वळून पाहिलं. उपळेकर वहिनी छताकडे बघत होत्या.

मुली गेल्या आणि मी पाटाशेजारीच बसून सगळ्यांची चौकशी मांडली. निघालं ते असं. दुपारी आतून कडी लागल्याबरोबर रेवती परसदारानं वहिनींच्या घरात गेली होती. रवा तिनं सकाळीच तिथं भिजवून ठेवला होता. आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर वहिनींनी तिला एक घाणा काढून दाखवला होता, बाकी सगळं तिनं केलं. आमच्या स्वयंपाकघरात दुपारभर एकटा मिलू होता, कडीसुद्धा तोच स्टूलावर चढून काढत-लावत होता.

"मी एकटा खलबत्ता वाजवला," मिलू छाती काढून म्हणाला. "ताट मुद्दाम नव्हतं पाडायचं. ते खरंच पडलं."

"आणि माझ्या पोळ्या?"

"तू डबा उघडून बघणार, हे मला माहीत होतं," रेवती म्हणाली.

"त्याचे लाडू मी खाल्ले," मिलू म्हणाला. "सगळे."

"म्हणजे तिथं एकटी होतीस? गॅसवर?"

"ह्या गॅसला मी हात नाही लावला," रेवती म्हणाली.

"मी तर तुझ्यासमोर गवार मोडत होते," वहिनी म्हणाल्या. "घर मोकळं होतं ते पोरीला दिलं, एवढंच. सुधाला कधी दिलं नाही, म्हटलं हिला तरी देऊ या." आणि मी काही बोलायच्या आत त्या उठून गेल्या.

रेवती डबा उचलायला वाकली तेव्हा मला तिचा उजवा हात दिसला. बोटाच्या पेरावर टपोरा फोड आला होता.

"हे केव्हा?"

"दुपारी. पात्राची कड लागली. काकूंकडे तूप होतं, ते लावलं."

"अगं, भिंतीपलीकडे तर होते मी. हाक का नाही मारलीस?"

"मग तू ओळखलं असतंस," ती म्हणाली.

मी तो हात हातात घेऊन बसले. एवढा चटका बसला, पोरगी एकटी होती, तिनं तूप शोधलं, लावलं, आणि उरलेले आप्पे काढायला परत गॅसपाशी गेली. भिंतीच्या अलीकडे मी गवारीच्या शिरा काढत तिचीच काळजी करत होते, आणि काळजी करायला मी चुकीचं स्वयंपाकघर धरलं होतं. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटायला लागलं की मला बोलता येत नाही.

रेवतीला मात्र बोलायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर मघाचा आनंद राहिला नव्हता. ती माझ्याकडे निरखून बघत होती.

"आई, खरं सांग. तू मुद्दाम हरलीस?"

"नाही गं."

"तुला कळलं होतं. वास आला असेल. तू डबा बघूनसुद्धा सांगतेस. मला बरं वाटावं म्हणून तू पोळीचा लाडू म्हणालीस."

"नाही गं बाळ."

"असंच म्हणायचीस. भिकार-सावकारात पण असंच म्हणायचीस. 'नाही गं बाळ, खरंच हरले.'" तिचा आवाज बारीक झाला. "मग काही उपयोग नाही. मग ते तुझंच झालं."

आणि मग माझं डोकं फिरलं.

"मुद्दाम?" मी म्हटलं. "पोळीचा लाडू मी मुद्दाम म्हणाले? अगं, ते नाव घेताना माझा जीव किती कासावीस झाला, तुला काय माहीत? त्या भवान्या फिदीफिदी हसत होत्या मला. इतकी वर्षं ह्या वसाहतीत माझा एक अंदाज चुकला नव्हता, एक. आणि दहा वर्षांच्या पोरीनं पोळ्यांचा डबा रिकामा करून मला फसवलं. त्या वहिनी दुपारभर माझ्यापुढे बसून मला गवार मोडायला लावतात, पदर धरून बसवून ठेवतात आणि 'मोठी पंचाईत झाली' म्हणतात. आणि एवढंसं पोर गुळाचे खडे चघळत माझ्याशी खोटं बोलतं. उद्या नळावर बायका काय म्हणतील मला? आणि गूळ! गूळ जास्त झालाय त्याच्यात. वेलदोडाही जास्त झालाय."

"मला तसाच आवडतो," रेवती म्हणाली.

मी ताट उचलून मोरीत आदळलं.

रेवती हलली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. आधी माझ्या कपाळाकडे, मग नाकाकडे, मग मी हात कमरेवर ठेवला त्याच्याकडे. हळूहळू तिचा चेहरा फुलत गेला. मग ती वळली आणि परकर सावरत, सुटलेली वेणी उडवत परसदाराकडे, मिलू गेला होता तिकडे, धावत सुटली.

"मिलू," मला तिचा आवाज ऐकू आला, "अरे, आईला खरंच राग आलाय."

"खरंच?" मिलू म्हणाला.

"खराखरा. ताट आपटलं. ती खरंच हरली."

दोघं परसात नाचायला लागली. भिंतीपलीकडे वहिनींचं हसू ऐकू आलं, त्यांना आता ते दाबायची गरज नव्हती. मी मोरीपाशी उभी राहिले. गाल तापलेले, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की कुठंतरी बसून घ्यावं. रेवती आता स्वतः शाळकरी मुलांची आई आहे, आणि वर्षावर्षाला मला अशा कितीतरी गोष्टी ऐकवत असते ज्यांतलं मला आधी काहीच कळलेलं नसतं. पण त्याची सुरुवात त्या दिवशी झाली, आणि मला ती समोर उभी राहून बघायला मिळाली.

ती दोघं हसत परत आली तेव्हा माझा राग केव्हाच गेला होता. तरी मी तोंड फिरवून भांडी आदळत राहिले, आणि जेवणं होईपर्यंत कोणाशी धड बोलले नाही. तिला तो राग हवा होता.